बिनआवाजाचा अंक

अप्पांची तिसरी शिफ्ट असली की त्या आठवड्यात आमच्या घरात कुकर लावत नसत. डाळ पातेल्यात शिजायची, वर ताट झाकून. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली असे. घासलेली भांडी एकावर एक रचायची नाहीत, गोणपाटावर सुटी पसरायची. नळाखाली बादली लावली की आधी तिच्यात ओला फडका टाकायचा, म्हणजे पहिली धार वाजत नाही. ही सगळी शिस्त आईची. अप्पा चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या मोठ्या प्रेस असतात, त्यांवर. सकाळी कंपनीची बस त्यांना हमरस्त्यावर सोडायची. ते घरी येत, अंघोळ करत, भाकरी आणि रात्रीचं जे उरलं असेल ते खात आणि भिंतीकडे तोंड करून झोपत. मग दुपारपर्यंत आम्ही सगळे पायांच्या बोटांवर. शेजारची शमीमभाभी म्हणायची, “तुमच्या घरात माणसं राहतात का मांजरं?”

आमच्या दोन खोल्या दापोडीत, रुळांच्या कडेच्या गल्लीत होत्या. लोणावळ्याची गाडी गेली की मांडणीवरचे पेले किणकिणायचे. एक्स्प्रेस गेली तर देवाच्या फोटोची चौकट तिरकी व्हायची, ती आई रोज संध्याकाळी सरळ करायची. आणि एवढ्या सगळ्यात आम्ही डाळ मात्र पातेल्यात शिजवायचो. अप्पा गाडीनं उठत नाहीत हे आम्हाला दिसत होतं. “सवय झालीय त्यांना,” असं आई म्हणायची आणि आम्हाला ते पटायचं. कुकरच्या शिट्टीची सवय का होणार नाही, हे कोणी विचारलं नाही.

मी सांगते आहे ते मी बारावीला गणितात राहिले त्या वर्षाचं. बाकीच्या मैत्रिणी चिंचवडच्या, पुण्याच्या कॉलेजांत गेल्या. सुरुवातीला येता-जाता हाक मारायच्या, मग तेही थांबलं. त्यांचा दोष नाही, त्यांच्याकडे सांगायला नवीन काहीतरी होतं आणि माझ्याकडे ऑक्टोबरचा पेपर. त्याच सुमारास उदगीरला ताईचं बाळंतपण झालं, बाळ अशक्त निघालं आणि आई जी तिकडे गेली ती दिवाळी जवळ आली तरी परतली नाही. घरात उरलो अप्पा आणि मी.

निकालाच्या दिवशी अप्पा पहिल्या शिफ्टहून आले. चपला काढायला वाकले होते. मी मागे उभी राहून म्हटलं, “अप्पा, गणितात गेले. ऑक्टोबरला परत देते.” ते काही बोलले नाहीत. चपला कोपऱ्यात सरकवल्या, तोंड धुतलं, चहा घेतला. संध्याकाळी गुणपत्रिका त्यांच्यासमोर ठेवली तर ती लांब धरून बघितली, घडी घातली आणि मला परत दिली. मी समजून गेले. अप्पांनी अबोला धरला.

अबोला म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. आई त्यात तरबेज होती. त्याचे नियम असतात. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडे बघायचं नाही, पण त्याचं काम अडवायचं नाही. बोलायचं ते तिसऱ्याला उद्देशून, “सांग तुझ्या बापाला, पाणी तापलंय.” तिसरा नसेल तर भिंतीला सांगायचं, हवेत. मी तेच सुरू केलं. ओट्याकडे तोंड करून, आईनं शिकवलेल्या हळू आवाजात म्हणायची, “ताट वाढलंय म्हणावं.” अप्पा जागचे हलायचे नाहीत. थोडा वेळ वाट बघून मी ताटावर ताट झाकायची आणि आतल्या खोलीत जायची. नंतर कधीतरी ते येऊन जेवलेले असायचे. एवढा कडक अबोला आईनंही कधी धरला नव्हता. मलाही स्वाभिमान होता. महिनाभरात मी भिंतीशी बोलणंही बंद केलं.

आता त्या मासिकाकडे येते. आमच्या घरात एक संगणक होता. अप्पांच्या कंपनीनं ऑफिसातले जुने काढले तेव्हा एक त्यांनी पोत्यात घालून बसमधून आणला होता, माझ्या शिक्षणासाठी म्हणून. केबलवाल्याची इंटरनेटची तार शमीमभाभीच्या खिडकीतून आमच्याकडे आली होती. त्यावर मला एक मासिक सापडलं, परदेशी, इंग्रजी, व्हिडिओ गेमबद्दलचं. मासिक म्हणायचं आपलं, ते निघायचं पंधरा दिवसांनी. कागदावर छापतच नव्हते. इमेलचा पत्ता दिला की दर दुसऱ्या गुरुवारी एक मेल येई, त्यावर क्लिक केलं की अख्ख्या पडद्यावर अंक उघडायचा. मुखपृष्ठ हलतं असायचं. पावसात उभ्या असलेल्या गाडीचे दिवे लागायचे, विझायचे. पानाच्या कोपऱ्यावर बाण नेला की कोपरा खऱ्या कागदासारखा वळायचा. आत एखादा चिलखतवाला मान फिरवून आपल्याकडे बघायचा. गाडीवर बोट ठेवावं तसं माऊस ठेवून ती सगळ्या बाजूंनी फिरवता यायची, दार उघडून आत डोकावता यायचं. नव्या गेमचं परीक्षण असे, त्याला गुण दिलेले असत, आणि शेवटी वाचकांची पत्रं. हे सगळं फुकट.

आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. “फुकट कशाला देतेत गं? तुझा फोटो-बिटो मागतेत का?”

“नाही गं. फक्त पत्ता.”

“घरचा?”

“संगणकातला.”

“बरं. पण घरचा दिऊ नकोस.” मग आवाज खाली आणून, म्हणजे तिच्या मानानं खाली आणून, तिनं विचारलं, “आन् अप्पा बोलतेत का तुला?”

“बोलतात,” मी म्हटलं.

त्यातला एकही गेम मी कधी खेळले नाही. आमच्या संगणकावर तो चाललाच नसता. अंकच मुळी धापा टाकत उघडायचा, पान वळेपर्यंत मी एक वाटी शेंगा सोलायची. गेम खेळण्यात मला फारसा रस होता असंही नाही. ते लोक वाचकाशी बोलत, हे मला आवडायचं. “तुम्हाला हे डोंगर आठवतात ना?” असं लिहीत, जणू मी त्यांच्याबरोबर ते डोंगर चढले आहे. दापोडीच्या त्या घरात दिवसभरात मला उद्देशून बोललेली तेवढीच वाक्यं असायची. शब्दकोश घेऊन मी परीक्षणं ओळ न् ओळ वाचायची. जाहिरातीसुद्धा वाचायची. इंग्रजी त्यातून सुधारलं. गणित सुधारलं नाही.

अंकाला आवाज होता, हे मला लिहिलेलं वाचून माहीत होतं. ‘स्पीकर चालू करा’ असं पहिल्याच पानावर असे. आमच्या संगणकाला दोन डबडी स्पीकर होते, पण त्यांची पिन मी पहिल्याच दिवशी काढून ठेवली होती. तिसरी शिफ्ट असो की पहिली, घरात आवाज नको अशी सवयच लागली होती. त्यामुळे चिलखतवाला ओठ हलवायचा, गाड्या धुरळा उडवत जायच्या, इमारती कोसळायच्या आणि खोलीत नुसता पंख्याचा आवाज. मला वाटायचं, त्या अंकातल्या लोकांनीही माझ्याशी अबोला धरलाय.

भाभीला माझं हे वेड ठाऊक होतं. तिचा नवरा रफीकभाई हमरस्त्यावर गॅरेज चालवायचा. भिंतीला कान लावावा लागत नाही असं ते घर, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे. एकदा मी गेमचं मासिक वाचते म्हटल्यावर रफीकभाई दारातून ओरडले, “किसका गेम करती गं वैशाली? सांगून ठेव, मी जामिनाला येतो!” आमच्या भागात गेम करणे म्हणजे माणूस उडवणे. भाभी हसून हसून लाटणं हातातून सोडून बसली. त्या आठवड्यात माझं तेवढंच हसणं झालं.

दसऱ्याआधी मी घर काढलं. जाळी, मांडणी, पत्र्याच्या पेट्या, सगळं. संगणकाचं टेबलही ओढून काढलं आणि मागच्या तारा सोडवून पुसल्या. परत लावताना रंगाला रंग जुळवून सगळ्या खोचल्या, निळी निळ्यात, हिरवी हिरव्यात. हिरवी पिन स्पीकरची होती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी गुरुवार. अप्पा तिसऱ्या शिफ्टहून येऊन झोपले होते, संगणकाच्या टेबलापासून हातभर अंतरावर. अंक आला होता आणि तो गाड्यांच्या शर्यतीचा विशेषांक होता. मी क्लिक केलं.

इंजिनं अशी सुरू झाली की मी स्टुलावरून उठून उभीच राहिले. स्पीकरचं बटण बहुधा पोत्यातून आलं तेव्हापासून पूर्ण फिरवलेलं होतं. टेबलावरची पेन्सिल थरथरत काठाकडे सरकली. पलीकडून भाभीनं भिंतीवर काहीतरी आपटलं, “ए वैशाली! गाडी घरात घुसवली का काय गं?” मी पिन शोधायला टेबलाखाली शिरले, सापडेना, शेवटी बोर्डावरचं बटणच बंद केलं. मग हळूच मागे वळून बघितलं. अप्पा उठून बसले असतील, आता अबोला तरी मोडतील, निदान शिवी देतील.

ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. श्वास संथ चालू होता. उशीखालून घड्याळाचा कोपरा दिसत होता. किल्लीचं घंटेचं घड्याळ ते नेहमी उशीखाली घेऊन झोपत. आपल्या गजरानं दुसऱ्यांना त्रास नको म्हणून, असं आम्ही समजत होतो.

“अप्पा,” मी म्हटलं. मग जरा मोठ्यानं. मग मोठ्यानं. पातेल्यावर पळी मारली. रुळांवरून एक गाडी धडधडत गेली, पेले वाजले. अप्पांनी झोपेतच पाय हलवला, गाडीच्या धक्क्यानं.

मी खाली बसले आणि मागची एकेक गोष्ट जुळवत गेले. उशीखालचं घड्याळ, हादऱ्यानं जाग यावी म्हणून. चपला काढायला वाकलेले असताना मी पाठीमागून सांगितलेला निकाल. ओट्याकडे तोंड करून वाढलेलं ताट. ते जागे असले की आई नेहमी त्यांचा खांदा हलवून, तोंडासमोर येऊन, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची आणि पाहुण्यांनी काही विचारलं तर उत्तर तीच देऊन टाकायची. ती गेल्यावर मी एकटी उरले, तीही कुजबुजणारी.

कळलं तरी करायचं काय, हा प्रश्न होताच. ज्याला ऐकू येत नाही त्याला गुपित सांगायचं कसं? हळू बोलून उपयोग नाही आणि मोठ्यानं बोलले तर भिंतीपलीकडे जाणार. एका बाजूला भाभी, तिचं काही नव्हतं. दुसऱ्या बाजूला सोनवणेकाका राहत. ते अप्पांच्याच बसनं अप्पांच्याच कंपनीत जात आणि त्यांच्या पोटात काही राहत नसे. प्रेसवरच्या माणसाला ऐकू येत नाही असं वर कळलं तर त्याला प्रेसवर ठेवत नाहीत, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. चिठ्ठी लिहून द्यावी असं वाटलं, पण बापाला ‘तुम्ही बहिरे आहात’ असं लिहून देणं मला जमेना. तीन-चार दिवस मी नुसतं त्यांच्याकडे बघत होते. तेही बघत होते, मी का बघते म्हणून.

मग रविवारी दुपारी, सुट्टीच्या दिवशी, मी दोन कप चहा केला, दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांना हातानंच बोलावलं. ते आले. मी गाड्यांचा अंक उघडला आणि माऊस त्यांच्या हाताखाली दिला. कोपरा कसा वळतो ते दाखवलं. त्यांनी एक पान वळवलं, हसले, परत मागे आणलं, पुन्हा वळवलं. लाल गाडी आली तशी ती फिरवून बघायला लागले. स्पीकर चालू होते. मी बटण हळूहळू फिरवत शेवटपर्यंत नेलं. ते गाडीचं दार उघडत होते, लावत होते, आणि खोली नुसती गर्जत होती.

पलीकडून ठक ठक झालं. “वैशाली! अगं आवाज कमी कर, डोकं फुटलं माझं!”

मी भिंतीकडे बघितलं. अप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. खिळ्याला लावलेला आरसा हलत होता. मग त्यांची नजर टेबलावर आली, कपातल्या चहावर उठलेल्या बारीक वर्तुळांवर. माऊस सोडून त्यांनी उजवा हात उचलला आणि पूर्ण पंजा स्पीकरच्या जाळीवर ठेवला. मशीन चालू आहे की बंद हे प्रेसवर बघतात तसा.

“चालू हाय?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“कधीपासून?”

मला वाटलं ते आवाजाबद्दल विचारतायत. मग लक्षात आलं, मला कधीपासून ठाऊक आहे ते विचारतायत. “गुरुवारी कळलं,” मी म्हटलं. सवयीनं हळूच.

“समोर ये,” अप्पा म्हणाले. “आन् तोंड नीट उघड. पाठीमागून बोललेलं मला लागत न्हाई.”

मी स्टूल फिरवून त्यांच्या तोंडासमोर बसले. मी आवाज कमी करायला हात पुढे केला तर त्यांनी तो धरला. “ऱ्हाऊ दे. ह्यात बोललेलं पलीकडं जात न्हाई.” आणि ते खरं होतं. आम्ही दोघं त्या इंजिनांच्या गोंगाटात बसून मोठ्यानं बोलत होतो आणि भाभीला शर्यतीशिवाय काही ऐकू जात नव्हतं, सोनवण्यांनाही नाही. अप्पा माझे ओठ वाचत होते, झरझर, एक शब्द न चुकता. प्रेस शॉपमध्ये सगळेच असं बोलतात, त्यांनी सांगितलं. तिथं कान कुणालाच उपयोगी पडत नाहीत. तोंडासमोर तोंड, बाकीचं हातानं. तिथं त्यांचं काही अडत नव्हतं. अडायचं ते आमच्या घरात, जिथं त्यांच्या झोपेसाठी सगळे तोंड फिरवून कुजबुजत होते.

“माझ्यावर रागावलात ना?” मी विचारलं.

“कशाबद्दल?”

“नापास झाले म्हणून.”

“ती तर झालीसच. मग?” त्यांनी चहाचा घोट घेतला. “मला वाटलं तूच अबोला धरलीस. निकालाच्या दिवशी काही बोलली न्हाईस. नुसता कागद आणून ठेवलीस. जेवाय हाक मारंना झालीस. म्हटलं, आपण कलासला घातलो न्हाई, लेकरू त्याचा राग धरलंय.”

ते माझ्या ओठांकडे बघत थांबले, मग पडद्यावरच्या गाडीकडे वळले. थोड्या वेळानं स्वतःहून म्हणाले, “कंपनीत दरसाल कान तपासतेत. काचेच्या खोलीत बसवतेत. शिट्टी वाजली की बोट वर करायचं.”

“मग?”

“काचंतून त्या पोराचा खांदा दिसतो. बटण दाबला की खांदा हलतो.” बोट वर करून दाखवलं आणि हसले. “आजवर पास.”

“यंदा त्याच्याकडे बघू नका.”

“बघू,” अप्पा म्हणाले. या शब्दाचा काय तो अर्थ लावा. त्यांनी बघितलं आणि ते पास झाले. मीही ऑक्टोबरच्या परीक्षेत पास झाले, अगदी काठावर. आई परत आल्यावर तिला सांगितलं तर म्हणाली, “मला काय ठावं गं? मला वाटलं, गडी माणूस हाय, ऐकून न ऐकल्यावानी करतंय.” त्या रात्री तिनं कुकर लावला. तिसऱ्या शिफ्टचा आठवडा असूनही.

आमचं बोलणं त्यानंतर फार वाढलं असं मात्र नाही. अप्पांना मुळातच फार बोलायला लागत नसे, आणि मलाही तोवर एकटीनं राहायची सवय लागून गेली होती, ती आजवर पूर्ण सुटलेली नाही. पण दर दुसऱ्या गुरुवारी ते विचारायचे, “अंक आला का?” मग दोन स्टुलं, दोन कप. सांगायचं काही असलं तर स्पीकर मोठे, नसलं तर बंद. बंद असतानाच जास्त अंक वाचले आम्ही. पुढे एका गुरुवारी मेल आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कागदाचं मासिक बंद पडलं की निदान शेवटचा अंक हातात राहतो. मी उतरवून ठेवलेले अंक काही वर्षांनी उघडेनातच, ज्या आज्ञावलीवर ते चालायचे तीच जगातून काढून टाकली होती. अप्पा दोन-तीनदा विचारून थांबले.

मी आज निघोजे इथं एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. कानांची तपासणी माझ्याकडेच असते. रुजू झाल्यावर पहिलं काम मी हे केलं की तपासणीच्या खोलीची काच आतून कागद चिकटवून बंद करून टाकली. जुने कामगार अजून माझ्यावर खार खाऊन आहेत. “मॅडम, थोडी फट तर ठेवायची ना,” असं एकानं तोंडावर सांगितलं. मी त्याला कानात घालायचे बोळे दिले आणि ते कसे घालायचे ते समोर उभी राहून दाखवलं.

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलीनं जुने अंक उघडायची काहीतरी युक्ती काढून दिली. अप्पा आता निवृत्त आहेत, कानाला यंत्र आहे, ते बहुतेक वेळ डबीत असतं. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला, यंत्र कानात घालायला लावलं, गाड्यांचा तो अंक उघडला आणि मागे सरकून बसले. त्यांनी कोपरा वळवला. कागद सळसळल्याचा आवाज झाला. इतकी वर्षं आम्ही तो दोघांनीही धड ऐकला नव्हता, कारण आवाज लावला की इंजिनंच लावलेली असत. अप्पांनी तीन-चार पानं वळवली, मान तिरकी करून ऐकलं. मग यंत्र काढून डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि लॅपटॉपवर पंजा ठेवून बसले. हल्लीच्या लॅपटॉपचे स्पीकर ते केवढे, त्यांचा हादरा हाताला कुठून लागणार.

“लागत न्हाई,” ते म्हणाले, आणि मला शोधत मागे वळले.

मी उठून समोर जाऊन बसले.